दादासाहेब फाळके : डोळे आणि कान

मागील एका नाताळच्या आठवड्यात आमच्या पलसाण्याच्या शब्बाथशाळेत एक फजिती झाली. तीवरूनच ह्या लेखाचा विषय सुचला, म्हणून ती आधी सांगतो.

पलसाणा हे सुरत जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. सुरतेहून बारडोली, व्यारा, नवापूर करीत धुळ्याकडे जाणारा रस्ता ह्याच भागातून जातो. आजूबाजूला कापडाच्या गिरण्या असल्यामुळे नंदुरबार-धुळ्याकडची पुष्कळ मराठी कुटुंबे कामासाठी येथे आली आहेत. त्यांतली काही घरे आपल्या मंडळीची आहेत. त्या मुलांसाठी, आणि शेजारपाजारची जी येतील त्यांच्यासाठी, प्रभूच्या जीवनावरील एक चित्रपट दाखवायचे आम्ही ठरविले. भिंतीवर पांढरी चादर लावली, दिवे मालवले, चित्र सुरू झाले आणि पाचव्या मिनिटाला आवाज बंद पडला. मी तार हातात घेऊन खटपट करीत राहिलो. चित्र मात्र मुक्याने पुढे चालले होते.

संपल्यावर मुलांना विचारले, काय काय पाहिले ते सांगा. ज्या मुलांनी घरी व शब्बाथशाळेत ह्या गोष्टी ऐकल्या होत्या, त्यांनी सारे बिनचूक सांगितले. एका मुलीने तर वादळाला धमकावल्याचा आवाज आपण ऐकला असे छातीठोकपणे सांगितले. आवाज बंद होता हे तिला काही केल्या पटेना. शेजारच्या मुलांनीही तेच चित्र पाहिले होते. पण त्यांतल्या एकाच्या मते ते कोळ्यांचे भांडण होते. दुसऱ्याला वाटले की होडीत निजलेला माणूस आजारी असून त्याला दवाखान्यात नेत आहेत.

दाराशी बसलेल्या आठ-नऊ वर्षांच्या एका मुलाने चित्र चालू असतानाच मला दोनदा विचारले होते की तो मनुष्य कोण. नंतर सांगतो असे म्हणून मी पुन्हा तारेकडे वळलो, आणि नंतर विसरलो. पुढच्या महिन्यात त्याचे आईवडील येथील काम सोडून दुसऱ्या गावी गेले.

त्या रात्री मला झोप येईना. पडल्या पडल्या मला आठवण झाली ती धुंडिराज गोविंद फाळके ह्यांची. ते आपल्या मंडळीतले नव्हते. परंतु ख्रिस्ताच्या जीवनावरील एका मुक्या चित्रानेच त्यांच्या आयुष्याची दिशा बदलली, आणि त्यांच्यामुळे साऱ्या देशाची पाहण्याची रीत बदलली. शब्बाथशाळेच्या शिक्षकांना त्यांच्या चरित्रातून शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

त्र्यंबकेश्वर ते बडोदे

फाळके ह्यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी नाशिकजवळच्या त्र्यंबकेश्वरी झाला. वडील गोविंद सदाशिव, ऊर्फ दाजीशास्त्री, हे संस्कृतचे पंडित होते. घरात पूजाअर्चा, पुराण, स्तोत्रे ह्यांचा घोष चालू असे. अक्षरओळख होण्याच्या आधीच राम, कृष्ण, हरिश्चंद्र, सावित्री ह्यांच्या कथा ह्या मुलाच्या कानांत मुरल्या होत्या. हे लक्षात ठेवावे; पुढे त्याचे काम पडणार आहे.

पुढे दाजीशास्त्र्यांना मुंबईस विल्सन कॉलेजात संस्कृत शिकविण्याची जागा मिळाली आणि कुटुंब मुंबईस आले. डॉ. जॉन विल्सन ह्या स्कॉटिश मिशनरींचे हे कॉलेज आपल्या वाचकांना ठाऊक आहेच. तेव्हा ज्या संस्थेवर ह्या घराची चूल चालत होती, ती संस्था ख्रिस्ती लोकांची होती. येशूचे नाव फाळके ह्यांच्या कानी कधी पडलेच नव्हते असे कोणी समजू नये.

मुलाचा ओढा चित्रांकडे होता. १८८५ साली तो मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाला. तेथून वडील बंधूंबरोबर बडोद्यास जाऊन त्याने कलाभवनात पुढचे शिक्षण घेतले. कलाभवनाचे प्रमुख प्रा. त्रिभुवनदास गज्जर हे मूळचे आमच्या सुरतेचे, आणि मोठे रसायनशास्त्रज्ञ. त्यांनी ह्या तरुणाची हुशारी ओळखली. छायाचित्रे काढणे, ती धुणे, त्यांचे ठसे बनविणे, रंगीत छपाई करणे अशी एकेक विद्या फाळके शिकत गेले. कलाभवनाची प्रयोगशाळाही गज्जरांनी त्यांना वापरू दिली.

विद्या मिळाली, पण पोट भरेना. १८९५ च्या सुमारास फाळके ह्यांनी गोध्रा येथे छायाचित्रांचा धंदा सुरू केला. तेथे प्लेगची साथ आली आणि तिने त्यांची पत्नी व मूल दोन्ही हिरावून नेली. तिशीतला हा माणूस एकटाच बडोद्यास परत आला आणि पुन्हा कॅमेरा लावून बसला. परंतु आता गावात एक निराळीच अडचण उभी राहिली. कॅमेरा माणसाच्या अंगातील शक्ती शोषून घेतो आणि ज्याचे चित्र काढले तो लवकर मरतो, अशी वदंता पसरली होती. गिऱ्हाईक येईना.

आज ह्या गोष्टीचे हसू येते. पण प्लेगचे दिवस होते, घरोघर माणसे मरत होती, आणि भीतीने भरलेल्या कानांनी लोक त्या काळ्या पेटीकडे पाहत होते. पेटी तीच होती. शिकलेल्याला ती यंत्र दिसली, भ्यालेल्याला ती मृत्यूचा डोळा दिसली. जे ऐकलेले असते तेच पुष्कळदा आपण पाहतो, ह्याचा फाळके ह्यांना मिळालेला हा पहिला धडा होय. आणि तो त्यांना उपासमारीच्या रूपाने मिळाला.

मग त्यांनी नाटक कंपन्यांचे पडदे रंगविले. बडोद्यास आलेल्या एका जर्मन जादूगाराकडून हातचलाखी शिकून घेतली आणि आपल्या आडनावाची अक्षरे उलटी करून, प्रोफेसर केळफा ह्या नावाने जादूचे प्रयोगही केले. १९०२ साली त्यांचा दुसरा विवाह झाला. पत्नीचे नाव सरस्वतीबाई. ही बाई पुढे त्यांच्या कामाचा खरा आधार ठरली. १९०३ पासून काही वर्षे त्यांनी सरकारच्या पुराणवस्तू खात्यात नोकरी केली. ती सोडून लोणावळ्यास छापखाना काढला. राजा रविवर्मा ह्यांच्या छापखान्याचे काम तेथे होत असे. ह्याच रंगीत छापील चित्रांनी त्या काळी देवादिकांची रूपे घरोघर पोहोचविली आणि लोकांच्या मनात ती कायमची ठसली. १९०९ साली फाळके छपाईची यंत्रे आणण्यासाठी जर्मनीला जाऊन आले. धंदा वाढला, पण भागीदारांशी पटेना. शेवटी एक पैही न घेता ते बाहेर पडले. वय चाळिशीचे, पदरी कुटुंब, हाती काम नाही.

अंधारातला एक तास

अशा मनःस्थितीत १९११ चा एप्रिल आला. त्या वर्षी १६ एप्रिलला पुनरुत्थानदिन होता. त्याच सुमारास फाळके आपला मुलगा भालचंद्र ह्याला घेऊन गिरगावातील अमेरिका इंडिया पिक्चर पॅलेस ह्या ठिकाणी चलच्चित्र पाहावयास गेले. खेळ जनावरांचा होता. भिंतीवर जनावरे चालतात हे मुलाने घरी सांगितले, तर कोणी खरे मानीना. म्हणून दुसऱ्या दिवशी फाळके सगळ्या घराला घेऊन गेले. पण सण ईस्टरचा असल्यामुळे त्या दिवशी जनावरांच्या ऐवजी ख्रिस्ताचे जीवन दाखविले जात होते.

तंबूतला तो अंधार, यंत्राची घरघर आणि समोर गालीलातला गुरू. शब्द एकही नाही. फाळके ह्यांनी पुढे १९१७ साली ‘नवयुग’ मासिकात लेख लिहून त्या तासात आपल्या मनात काय झाले ते स्वतःच सांगितले आहे. डोळ्यांपुढून ख्रिस्ताचे चरित्र सरकत होते, आणि मनाच्या डोळ्यांना राम, कृष्ण, गोकुळ, अयोध्या दिसत होती. ते बाहेर आले, पुन्हा तिकीट काढले आणि तोच खेळ पुन्हा पाहिला. आपल्या देशातल्या कथा अशाच पडद्यावर आणावयाच्या हा निश्चय त्यांनी तेथेच केला.

येथे आपण क्षणभर थांबू. ख्रिस्ती वाचकाच्या मनात येथे थोडी कळ उठणे स्वाभाविक आहे. ख्रिस्ताचे चित्र समोर असता ह्या माणसाला दुसरेच कोणी कसे दिसले? पण आमच्या शब्बाथशाळेतल्या त्या मुलीकडे पाहा. आवाज बंद होता, तरी तिने तो ऐकला, कारण तो तिच्या आत आधीपासून होता. फाळके ह्यांचेही तसेच झाले. त्र्यंबकेश्वरी बालपणी कानांत साठलेले जे होते ते अंधारात उठून उभे राहिले. नुसते मुके चित्र ज्याच्या त्याच्या मनातल्या शब्दांनीच बोलू लागते.

मनाचा हा स्वभाव चलच्चित्राच्या मुळाशीच आहे. पडद्यावर खरे पाहता काहीच हलत नसते. एकामागून एक स्थिर चित्रे येतात. मुक्या चित्रांच्या काळी ती सेकंदाला सुमारे सोळा असत. एक चित्र जाऊन दुसरे येईपर्यंत यंत्राची झडप प्रकाश अडविते, म्हणजे आपण काही वेळ निव्वळ अंधारात बसलेलो असतो. तो अंधार कोणालाच कळत नाही. मधल्या फटी मन आपल्या पदरचे घालून भरून काढते आणि म्हणते, माणूस चालला. जी गोष्ट दोन चित्रांच्या मधल्या फटीची, तीच साऱ्या चित्राच्या अर्थाची.

दृष्टी गेली आणि आली

निश्चय झाल्यावर फाळके ह्यांनी स्वतःवर दयामाया केली नाही. परदेशातून पुस्तके व किंमतीची पत्रके मागविली. एक लहानसे यंत्र घेऊन रात्री मेणबत्तीच्या उजेडात भिंतीवर चित्रे पाडून ते पाहू लागले. रोज चार-पाच तास चलच्चित्रे पाहण्याचा क्रम कित्येक महिने चालला. झोप नाही, विश्रांती नाही. परिणाम असा झाला की डोळे बिघडत जाऊन त्यांची दृष्टीच गेली.

ज्याचा सारा जन्म पाहण्यात गेला तो माणूस आंधळा झाला. घरात पैसा नव्हता, आणि ज्या विद्येसाठी सर्व सोडले ती विद्या आता डोळ्यांपलीकडे गेली होती. डॉ. प्रभाकर ह्या नेत्रवैद्यांनी उपचार केले आणि हळूहळू दृष्टी परत आली. तीन-चार निरनिराळे चष्मे लावून फाळके पुन्हा कामास लागले.

लंडनला जाऊन ही कला शिकून यावी असे त्यांनी ठरविले. पैशासाठी विम्याच्या पॉलिसी गहाण टाकल्या. १ फेब्रुवारी १९१२ रोजी ते बोटीवर चढले. लंडनमध्ये ओळखीचे कोणी नव्हते. तेथील ‘बायोस्कोप’ ह्या साप्ताहिकाच्या संपादकांनी आधी त्यांना ह्या नादापासून परावृत्त करण्याचा प्रयत्न केला. पण माणसाची तळमळ पाहून चित्रपट बनविणारे सेसिल हेपवर्थ ह्यांच्याशी त्यांची गाठ घालून दिली. फाळके ह्यांनी थोड्याच दिवसांत पाहण्यासारखे ते पाहिले, विल्यमसन कॅमेरा विकत घेतला, फिल्मला कडेने भोके पाडण्याचे यंत्र घेतले, आणि एप्रिलच्या आरंभी ते मुंबईस परतले.

आता भांडवल हवे. ते मिळविण्यासाठी त्यांनी जे केले ते शब्बाथशाळेच्या शिक्षकांनी अवश्य ध्यानात ठेवावे. त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि त्यासमोर कॅमेरा ठेवून कित्येक दिवस थोडी थोडी चित्रे घेतली. मग ती एकसारखी फिरवून दाखविली. महिन्याभराची वाढ मिनिटा-दोन मिनिटांत दिसली. बी फुटले, अंकुर वर आला, वेल चढला. पाहणारे थक्क झाले आणि पैसे उभे राहिले. रोप आपोआप कसे वाढते हे पेरणाऱ्याला कळत नाही, असा एक दाखला प्रभूने दिलेला मार्काच्या शुभवर्तमानात आहे. तो शिकविताना मला नेहमी फाळके ह्यांचा हा वाटाणा आठवतो.

सत्यवचनी राजा आणि दोन मैलांची जाहिरात

पहिल्या चित्रपटासाठी त्यांनी राजा हरिश्चंद्राची कथा निवडली. दादरला बिऱ्हाड होते, तेथेच सर्व काम चाले. स्त्रीची भूमिका करावयास कोणी बाई तयार होईना. शेवटी एका उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके हे तारामती झाले. दत्तात्रय दाबके हरिश्चंद्र झाले आणि घरचा भालचंद्र रोहिदास झाला. सरस्वतीबाई दिवसा साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक करीत, उन्हात पांढरी चादर धरून नटांवर उजेड पाडीत, आणि रात्री फिल्मला भोके पाडणे, रसायने कालविणे ही कामे करीत. त्यांचे दागिने तर केव्हाच गेले होते. चित्रपट पाहणाऱ्यांना ह्या बाईंचे तोंड कधी दिसले नाही, पण त्यांच्यावाचून ते चित्र पडद्यावर येते ना.

३ मे १९१३ रोजी गिरगावातील कॉरोनेशन सिनेमात ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढे आला आणि लोकांनी तो उचलून धरला. पुढे तो आमच्या सुरतेसही आला. येथे मात्र पहिल्या दिवशी जेमतेम तीन रुपये जमले असे सांगतात. सुरतेच्या रसिकांना एकदोन आण्यांत पाच-सहा तासांचे नाटक पाहण्याची सवय. तीन आणे देऊन तास-दीड तासाचा मुका खेळ कोण पाहणार? तेव्हा फाळके ह्यांनी जाहिरात केली. सत्तावन हजार छायाचित्रांचा खेळ, दोन मैल लांबीचे चित्र, आणि दर अवघे तीन आणे! गर्दी लोटली.

आता थोडा हिशेब करू. चित्रपट सुमारे ३,७०० फुटांचा होता. एका फुटात सोळा चित्रे बसतात. तेव्हा सत्तावन हजार चित्रांची गोष्ट खरी धरता येईल. पण दोन मैल म्हणजे साडेदहा हजार फूट. सत्यासाठी राज्य सोडणाऱ्या राजाचे चित्र पाहावयास लोकांना बोलाविले ते एका अतिशयोक्तीने. फाळके ह्यांना दूषण देण्यासाठी मी हे लिहीत नाही. कर्जात बुडालेल्या माणसाची ती युक्ती होती. पण चित्र खरे असले तरी त्याभोवतीचा शब्द खरा आहे की नाही हे निराळे तपासावे लागते, एवढे ह्यावरून दिसते. आज मोबाइलवर येणारी चित्रे पुढच्यास पाठविताना आपल्यापैकी किती जण असा फुटांचा हिशेब करतात? चित्र कोठले तरी आणि त्याखालचा मजकूर कोणी तरी घातलेला, असे असूनही आपण शेजाऱ्याविषयी लगेच मत बनवितो. खोटी साक्ष आता हातातल्या चित्राकडूनही दिली जाते.

मुक्या चित्रांचे वैभव

पुढची काही वर्षे फाळके ह्यांच्या वैभवाची होती. त्यांनी मुक्काम नाशिकला हलविला. ‘मोहिनी भस्मासुर’ व ‘सत्यवान सावित्री’ हे चित्रपट झाले. १९१४ साली त्यांनी आपली चित्रे लंडनलाही दाखविली. १९१७ साली ‘लंकादहन’ आला. त्यात राम आणि सीता ह्या दोन्ही भूमिका अण्णा साळुंके ह्यांनीच केल्या. पडद्यावर राम येताच प्रेक्षक हात जोडीत, असे त्या काळच्या आठवणींत सांगितले आहे. हात जोडणाऱ्यांना साळुंके दिसतच नव्हते. त्यांना त्यांचा राम दिसत होता. १९१९ च्या ‘कालिया मर्दन’मध्ये फाळके ह्यांची लहान मुलगी मंदाकिनी कृष्ण झाली, आणि लोकांनी तिच्यात कृष्ण पाहिला.

हे चित्रपट मुके असले तरी चित्रगृह मुके नसे. पेटी-तबल्याची साथ असे, मधूनमधून येणाऱ्या पाट्या वाचता येणारे मोठ्याने वाचून दाखवीत, आणि न वाचता येणाऱ्यांना कथा आजीने सांगितलेली असे. फाळके ह्यांनी नवी कथा सांगितलीच नव्हती. पिढ्यान्‌पिढ्या कीर्तनकारांनी कानांत जे पेरून ठेवले होते, त्याचे पीक त्यांनी डोळ्यांसमोर आणले.

हाच काळ आपल्या रे. नारायण वामन टिळक ह्यांचाही. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ सालचा आणि देहान्त १९१९ सालचा. ख्रिस्ताची गोष्ट ह्या देशाच्या कानाला ओळखीच्या सुरात ऐकू यावी म्हणून त्यांनी अभंग, भजन, कीर्तन हातात घेतले. त्यांच्याही आधी नगरकडे कृष्णराव सांगळे ह्यांनी ख्रिस्ती कीर्तनाचा पाया घातला होता. मिशनरी लोक जादूच्या कंदिलाने शास्त्रातील चित्रे खेडोपाडी दाखवीतच होते. पण खेड्यातल्या माणसाला ती परक्यांची वाटत. जेथे टिळकांचे भजन आधी पोहोचले होते तेथे तीच चित्रे आपली वाटू लागली. फाळके चित्राकडून गेले, टिळक सुरांकडून. दोघांनाही कळले होते की ह्या देशाच्या डोळ्यांकडे जाणारी वाट कानांवरून जाते.

आवाज आला

१९१८ साली फाळके ह्यांनी मुंबईच्या भांडवलदारांबरोबर हिंदुस्तान सिनेमा फिल्म्स कंपनी काढली. पण भागीदारांशी पुन्हा बेबनाव झाला. रागारागाने ते सर्व सोडून काशीला गेले आणि तेथे ‘रंगभूमी’ हे नाटक लिहिले. काही काळाने ते परतले, परंतु पहिला जोम राहिला नव्हता.

मग १४ मार्च १९३१ चा दिवस उजाडला. अर्देशीर इराणी ह्यांचा ‘आलम आरा’ मुंबईस मॅजेस्टिक सिनेमात लागला आणि पडदा बोलू लागला. पुढच्याच वर्षी प्रभात कंपनीने पहिला मराठी बोलपट काढला, ‘अयोध्येचा राजा’. कथा कोणती? तीच, राजा हरिश्चंद्राची. एकोणीस वर्षांपूर्वी जो राजा मुका आला होता तो आता मराठीत बोलत होता, गात होता. आणि तारामतीचे काम दुर्गा खोटे ह्या सुशिक्षित घरातील स्त्रीने केले होते.

फाळके ह्यांचा ‘सेतुबंधन’ हा चित्रपट त्या वेळी मुकाच तयार झाला होता. त्याला मागाहून आवाज जोडावा लागला. १९३७ साली, सदुसष्टाव्या वर्षी, कोल्हापूर सिनेटोनसाठी त्यांनी ‘गंगावतरण’ हा आपला एकुलता एक बोलपट केला आणि ते निवृत्त झाले. एकोणीस-वीस वर्षांत नव्वदांहून अधिक चित्रपट काढणारा हा माणूस नाशिकला साधेपणाने राहिला आणि १६ फेब्रुवारी १९४४ रोजी तेथेच निवर्तला. त्या वेळी फारशी दखल कोणी घेतली नाही. १९६९ पासून भारत सरकार त्यांच्या नावाने चित्रपटसृष्टीतील सर्वांत मोठा पुरस्कार देते. ‘राजा हरिश्चंद्र’ची चार रिळे होती, त्यांतले पहिले व शेवटचे एवढेच पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात जतन केलेले आहे. मधली कथा आपल्याला ऐकूनच माहीत आहे.

शिक्षकांसाठी थोडेसे

आता पुन्हा १९११ च्या त्या अंधाराकडे वळतो. पुनरुत्थानदिनाच्या सणात, ख्रिस्ताच्या जीवनाचे चित्र समोर असता, एक हुशार, दुःख भोगलेला, कामाच्या शोधात असलेला माणूस दोनदा तिकीट काढून बसला होता. चित्र दाखविणाऱ्याने ते धंद्यासाठी दाखविले. त्या माणसाच्या शेजारी बसून, हा मनुष्य कोण आणि तो का मेला, हे सांगणारे कोणी नव्हते. सांगितले असते तर काय झाले असते ह्याचा तर्क करण्याचा आपल्याला अधिकार नाही. फाळके ह्यांनी प्रामाणिकपणे आपल्या मनात जे होते ते पाहिले आणि त्यासाठी डोळे, घरदार, दागिने सर्व पणाला लावले. त्यांच्या निष्ठेला कमी लेखणे आपल्याला शोभणार नाही. मला बोच आहे ती रिकाम्या खुर्चीची. दाराशी बसलेल्या मुलाच्या शेजारीही एक जागा रिकामी होती. ती माझी होती, आणि मी तारेशी झटत होतो.

शास्त्रात पुनरुत्थानाच्याच दिवसाच्या दोन गोष्टी आहेत. बागेत मरीयेने प्रभूला डोळ्यांनी पाहिले आणि तिला तो माळी वाटला. त्याने तिला नावाने हाक मारली तेव्हा तिने त्याला ओळखले. अम्माऊसच्या वाटेवर दोघे शिष्य त्याच्याबरोबर कोसच्या कोस चालले, चेहरा समोर असूनही त्यांना तो कळला नाही. वाटेत त्याने त्यांना शास्त्र उलगडून सांगितले, अंतःकरण तापले, आणि मग भाकर मोडताना त्यांचे डोळे उघडले. दोन्ही ठिकाणी डोळे आधीपासून पाहतच होते. ओळख पटली ती आवाज ऐकल्यानंतर.

म्हणून आम्ही आमच्या शब्बाथशाळेत आता एक नियम केला आहे. आधी गोष्ट तोंडाने सांगावयाची, मुलांकडून ती परत सांगवून घ्यावयाची, आणि मगच चित्र दाखवावयाचे. चित्र दाखविताना प्रत्येक नव्या मुलाशेजारी एक मोठे माणूस बसते. यंत्र बिघडले तर बिघडू द्यावे, ते पाहणारा एकच असतो. बाकीच्यांनी मुलांजवळून उठावयाचे नाही. चित्र संपले की प्रत्येकाने काय पाहिले ते सांगावयाचे, आणि कोणाला काही निराळे दिसले असेल तर त्याला हसावयाचे नाही. त्याने आधी काय ऐकले आहे हे त्यावरून आपल्याला कळते. पडद्यावरचा तो चेहरा एका नटाचा आहे, प्रभूचा चेहरा कोणीही पाहून काढलेला नाही, हेही मुलांना सांगतो. मुले ते मोठ्यांपेक्षा लवकर समजतात.

आजची मुले दिवसभर पाहत असतात. पडदा आता भिंतीवर नाही, मुठीत आहे. तो काढून घेणे आपल्या हाती राहिलेले नाही. त्यांच्या कानांत आधी काय पडावे, हे मात्र अजून पुष्कळसे आपल्या हाती आहे. दाजीशास्त्र्यांच्या घरात एका मुलाच्या कानांत जे पडले ते तीस-पस्तीस वर्षांनी अंधारात उजळले. आपल्या घरांत, रात्री जेवणानंतरच्या त्या दहा-पंधरा मिनिटांत, काय पडत आहे?

तो मुलगा आज कोठे आहे मला ठाऊक नाही. कोठल्या तरी गावी, कोठल्या तरी पडद्यावर त्याला तो होडीतला मनुष्य पुन्हा दिसेल. त्या वेळी त्याच्या शेजारी कोणी तरी बसलेले असावे, आणि त्याने विचारल्यावर त्याला लगेच उत्तर द्यावे, एवढीच माझी प्रार्थना आहे. वाचकहो, तो कदाचित तुमच्याच शब्बाथशाळेच्या दाराशी येऊन बसेल.